डब्लिनहून एका दिवसात ट्रिम: जाऊन आलेल्यांनी सांगावं

केळनाकाठ:
नमस्कार मंडळी. मी जालना जिल्ह्यातला, भोकरदनकडचा. लेक डब्लिनला असते, जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तो तिथल्या ट्रिम गावचा, असं नुकतंच कळलं. लहानपणापासून असईच्या शिवारात फिरलोय, त्यामुळं ते गाव बघायचंच आहे. एक दिवस पुरतो का? सौ.चे गुडघे दुखतात.

परभणीची लेक:
काका, पुरतो. मी तीनदा गेलेय. गावात रेल्वे नाही, डब्लिनहून बसनं तासाभराचा रस्ता. बॉइन नदीच्या काठावरच किल्ला आहे, नॉर्मन लोकांनी आयर्लंडात बांधलेला सगळ्यात मोठा. ह्यू द लेसी या नॉर्मन सरदाराला ११७२ मध्ये हा मुलूख मिळाला, त्यानंतरचं हे काम. मधला बुरुज क्रुसाच्या आकाराचा, चांगल्या वीस बाजूंचा. आत माहितगारासोबतच सोडतात, म्हणून सकाळीच पोचा. जिना अरुंद आणि उभा आहे, काकूंना खाली नदीकाठीच बसवा.

बॉइन हे नाव तिथल्या एका देवीचं, अर्थ पांढरी गाय. फोनवर आजीला सांगितलं तर म्हणाली, "मग धवळी म्हणा की तिला."

पण न्यूटाउन चुकवू नका. नदीकाठच्या पायवाटेनं रमतगमत जाता येतं. तिथल्या पडक्या चर्चजवळ ल्यूकस डिलन आणि त्याची बायको जेन यांची समाधी आहे. दोघांच्या दगडी मूर्ती आडव्या, मधोमध तलवार. चामखीळ जावी म्हणून लोक त्या दोघांच्या मध्ये टाचणी ठेवतात. टाचणी गंजली की चामखीळ गळते, असा समज. मी वाकून बघितलं, पावसाचं पाणी साचलेलं, तळाशी तांबूस गंज, आणि वर एक टाचणी अगदी कोरी. आपल्याकडं चामखिळीला घोड्याचा केस बांधतात, तेच आठवलं.

बीडचा वाटसरू:
व्हिसाचं आत्ताच बघा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो शेंगेन व्हिसा, आयर्लंड त्यात नाही, तो तिथं चालत नाही.

गोदातीर:
एक दुरुस्ती. वेलस्लीचा जन्म डब्लिनचा मानतात. घराण्याचं डँगन हे ठिकाण ट्रिमजवळ, आता पडकं आहे. १७९० मध्ये, विशी नुकती ओलांडलेली असताना, तो ट्रिमचा प्रतिनिधी म्हणून आयरिश संसदेत गेला. गावात १८१७ चा त्याचा स्तंभ आहे. आणि काका, ट्रिमच्या आयरिश नावाचा अर्थ 'एल्डरच्या झाडांजवळच्या उताराचं गाव' असा आहे. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा.

केळनाकाठ:
गोदातीर, तुमच्या त्या शेवटच्या ओळीनं अंगावर काटा आला. असईचा सगळा डाव उतारावरच फिरला. केळनेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, त्यावरून इथं उतार असणारच हे वेलस्लीनं ताडलं आणि फौज पार नेली. त्याच्याकडचीच दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. आपली कितीतरी त्याच शिवारात पडली. आता स्तंभ दिसला तर दिसला, मला तो उतार बघायचाय. नदी पायी ओलांडता येण्याजोगी कुठं असेल, ते काठावर उभं राहून मलाही ताडून बघायचंय.

लेकीला सकाळची पहिली बस बघायला सांगितलंय. सौ.च्या मानेवर चामखीळ आहे. तिनं टाचणी आत्तापासूनच पाकिटात घालून ठेवलीय.