बालवाडी, अंगणवाडीच्या बाईंनो, तुमचं काम कशामुळे निभतं?

देवगडला माळा आवरताना आईची चिंध्यांच्या बाहुल्यांची पिशवी सापडली. तिचं बालवाडीचं शिक्षण कोसबाडचं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथेच ती अनुताई वाघांच्या हाताखाली शिकली. साहित्य विकत आणायचं नाही. शिंपले, चिंचोके, गुंजा गावातच वेचायच्या. पण वर्ग उभा राहिला मदतनीस मावशींमुळे, असं ती आजही सांगते. तुमचं काय?

खाडीकाठ
मदतनीस!! एकीने नाकं पुसायची, शूला न्यायचं, तेव्हा दुसरीची गोष्ट पुरी होते. मावशी रजेवर म्हणजे त्या दिवशी नुसती राखण.

सुरंगी
गुंजा नको गं, विषारी असतात. पोरं तोंडात घालतात.

देवगडकरीण
हो, आईच्याही गुंजा बंद बाटलीत, खुळखुळ्यासारख्या.

माडाखाली
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाबालोक घरी. एकाला वर्गात जाळं विणायला बसवलं. पोरं अर्धा तास गप, मी पण! बाकी रडणाऱ्याला मालवणीत "आवस येतली आता, रडा नको" म्हटलं की पुरे. प्रमाण मराठी दुपारनंतर.

अंगणवाडीवाली
वजनं, घरभेटी, आहार, वर पोषण ट्रॅकर ॲपवर नोंदी. डोंगराआड रेंज नाही, फोन घेऊन बांधावर उभी. शिकवायचं कधी? आधीच्या पर्यवेक्षिका आल्या की रजिस्टर मागायच्या आधी पोरांत बसून गाणं म्हणायच्या, मग मला बाजूला घेऊन एकच सुधारणा सांगायच्या. बदली झाली त्यांची. आताचं विचारू नका.

खाडीकाठ
🙏 मानधन वेळेवर येतंय का?

अंगणवाडीवाली
हसवू नका.

रातांबा
आमचं इंग्रजी माध्यम. पालकांना जूनमध्येच एबीसीडी लिहून हवी. २०२० च्या धोरणात ३ ते ८ वर्षं एकच पायाभूत टप्पा, भर खेळावर. मोठ्या बाईंनी पालकसभेत ठणकावलं, छोट्या गटाला वही नाही. शिव्या त्यांनी खाल्ल्या, मी वाळूत बोटं फिरवून घेतली. असं कोणी पाठीशी असलं की बाई टिकते.

सुरंगी
माझा घसा कायम बसलेला. ओरडणं सोडून खंजिरी धरली. आंबाबागेतल्या राखणदारांची नेपाळी मुलंही आहेत, त्यांनाही खंजिरी कळते.

माडाखाली
ज्येष्ठमध चघळ.

रातांबा
गणपतीत वर्ग रिकामाच. कोकणकन्या मिळाली का कोणाला?

खाडीकाठ
वेटिंग. नणंद येतेय पण 😀