हाताने सोडलेले डक्टेड फॅनचे तेजस उंची का घेत नाही?

विजापूरवेस:
नमस्कार. तेजस या लढाऊ विमानाची बाराव्या हिश्शाची, रिमोटवर उडणारी प्रतिकृती मी फोम शीटमधून तयार केली आहे. पंखांचा विस्तार ६८ सेंमी आणि लांबी ११० सेंमी आहे. आत ६४ मिमीचा डक्टेड फॅन (नळीत बसवलेला विजेचा पंखा), चार सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक), दोन सर्व्हो (पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि आत मिटणारी चाके बसवली आहेत. सर्व धरून वजन १६५० ग्रॅम भरते. फॅन सुटा असताना वजनकाट्यावर ११०० ग्रॅम थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) मिळाला होता. धाकटा भाऊ धावत जाऊन विमान जोरात सोडतो. ते क्षणभर नाक वर करते, डावा पंख टाकते आणि खाली येते. आम्ही सोलापूरचे, आणि आम्हाला दुपारी साडेचारनंतरच वेळ मिळतो. आता ७० मिमीचा फॅन आणि सहा सेलची बॅटरी घ्यावी, असा विचार आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

सातरस्ता:
मोठा फॅन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या फॅनला जड बॅटरी आणि जड ईएससी लागतो, त्यामुळे वजन पुन्हा वाढते आणि प्रश्न आहे तिथेच राहतो.

खऱ्या तेजसच्या पंखांचे क्षेत्रफळ ३८.४ चौरस मीटर आहे. बाराव्या हिश्शाने आपल्या प्रतिकृतीला सुमारे ०.२७ चौरस मीटर मिळते. एवढ्या पंखांवर १६५० ग्रॅम पेलायला, सोलापूरची उंची आणि उन्हाळ्यातली हवा धरून, माझ्या हिशेबाने ताशी किमान ४२ ते ४३ किमी वेग लागतो. माणूस धावत येऊन सोडतो तेव्हा विमानाला तिशीच्या आसपास वेग मिळतो. उरलेला वेग फॅनने जमिनीला टेकण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत द्यायचा असतो, आणि नेमके तेच होत नाही. वजन १२०० ग्रॅमवर आणले, तर हीच गरज ३६ किमीपर्यंत उतरते.

सर्वप्रथम चाके काढून टाकावीत. ज्वारीच्या धसकटांत आणि काळ्या जमिनीच्या भेगांत एवढ्या लहान चाकांवर विमान धावणार नाही. पोटावर उतरवावे, त्यासाठी खालच्या बाजूला पॅकिंगची चिकटपट्टी लावली की पुरते. त्यानंतर रंग, पुट्टी आणि ग्लू गनचा गोंद यांकडे पाहावे. हौसेने दिलेले रंगाचे तीन हात बघणाऱ्याला दिसतात, काट्याला मात्र चांगलेच जाणवतात.

दुसरा मुद्दा हवेच्या वाटेचा आहे. ११०० ग्रॅम हा सुट्या फॅनचा आकडा आहे. धडात बसवल्यावर तो बराच घटतो, म्हणून थ्रस्ट फॅन बसवलेल्या अवस्थेतच मोजावा. ६४ मिमीच्या फॅनमध्ये मधला मोटरचा भाग वजा जाता सुमारे २६ चौरस सेंमी जागा उरते. हवा आत घेणारी दोन्ही बाजूंची तोंडे मिळून जवळजवळ तेवढीच हवीत. खऱ्या विमानाबरहुकूम कापलेली तोंडे अपुरी पडत असतील, तर फॅनच्या पुढे पोटाखाली एक जास्तीची खिडकी कापावी. तोंडाची कड धारदार न ठेवता गोलसर करावी, कारण विमान हातात असताना, म्हणजे वेग जवळजवळ शून्य असताना, धारदार कडेवरून हवा नीट आत वळत नाही. मागचे तोंड ५.३ सेंमी व्यासाचे ठेवावे. पोटाखाली खिडकी केल्यास टेकण्याआधी थ्रॉटल (फॅनचा वेग कमीजास्त करणारी कळ) पूर्ण बंद करण्याची सवय लावून घ्यावी, नाहीतर मातीचे बारीक खडे थेट पात्यांवर येतात.

दुपारच्या ४० अंशांपेक्षा सकाळी २५ अंशांना हवा सुमारे पाच टक्के दाट असते आणि वाराही शांत असतो. वजनापुढे हा मुद्दा गौण आहे, तरी पहिल्या उड्डाणासाठी रविवारची पहाट साधावी.

धसकट:
मी थोडे वेगळे सुचवतो. पहिल्याच जेटसाठी डक्टेड फॅन कशाला? धडाच्या मागच्या भागात खाच पाडून तिथे साधी मोटर आणि उघडा पंखा (प्रॉपेलर) बसवल्यास तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त थ्रस्ट मिळतो आणि विमान निम्म्या वजनात होते. आकाशात ते जेटच दिसते.

सातरस्ता:
मान्य, पण तो पंखा सोडणाऱ्याच्या मनगटाजवळून जातो. विमान हातातून सुटल्यावरच थ्रॉटल द्यावा लागतो. शिवाय ज्याला तो फॅनचा आवाज हवा आहे, त्याचे समाधान उघड्या पंख्याने होत नाही.

विजापूरवेस:
दोघांचेही आभार. चाके काढतो. परंतु नाक वर जाऊन डावाच पंख का पडतो? गुरुत्वमध्य मी पंखाच्या मुळाच्या बरोबर मध्यावर ठेवला आहे.

सातरस्ता:
तो फार मागे आहे. शेपटीशिवायच्या त्रिकोणी पंखात गुरुत्वमध्य पंखाच्या (पुढून मागे मोजलेल्या) सरासरी रुंदीच्या पुढून २० ते २५ टक्क्यांवर असावा. तेजसच्या पंखात मुळाशी मोजल्यास तो मध्याच्या पुढे येतो. तेजसच्या पंखाची पुढची कड मोडलेली असल्यामुळे कागदावर हिशेब किचकट होतो. त्याऐवजी थर्माकोलच्या पातळ पत्र्यातून त्याच आकाराचा वीतभर पंख कापावा, नाकाला मळलेल्या पिठासारखी माती चिकटवत जावी आणि घरातच सोडून पाहावे. तो सरळ तरंगत जाईल तेव्हा ज्या बिंदूवर बोटावर तोलला जातो, तो बिंदू मोठ्या विमानावर उतरवावा आणि बॅटरी पुढे सरकवून तोल साधावा. दोन्ही एलेव्हॉन (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) दोन-तीन मिमी वर ठेवून सुरुवात करावी. डावाच पंख पडतो, यावरून पंखाला पीळ आहे का तेही तपासावे. मागून डोळा लावून पाहिल्यास पीळ लगेच कळतो.

धसकट:
जागेविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपला सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात हिरवे क्षेत्र (जिथे परवानगी लागत नाही) असेल तर २०० फुटांपर्यंतच उडवता येते, त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. जागा ठरवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. नान्नजची माळरानेही टाळावीत. तिथे माळढोकाचे अभयारण्य आहे. ज्वारी निघालेले एखादे शेत, मालकाला विचारून, सर्वांत बरे. बॅटऱ्या गाडीत उन्हात ठेवू नयेत, आणि ट्रान्समीटर बंद केल्यावर फॅन थांबतो का, हे विमान हातात घेण्यापूर्वी जमिनीवर धरून एकदा पाहावे.