मदत हवी आहे: घरी चीजबोर्ड मांडायचाय, ब्लू चीजची सुरुवात कुठून करू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

यंदा आम्ही नॉटिंगहॅमला राहायला आलो. नाताळच्या सुट्टीत आठ जण घरी येणार आहेत, सगळे आपले मराठी. मसालेभात, मटार उसळ, कोशिंबीर असा बेत ठरलाय. जेवणानंतर इथल्या पद्धतीने चीजबोर्ड मांडावा असं मनात आहे. स्टिल्टन हे इथलं नावाजलेलं ब्लू चीज (म्हणजे आत बुरशीच्या निळ्या रेघा असलेलं) बनतं ती गावं आमच्या घरापासून जवळच आहेत, आणि आमची मजल अजून चेडर नि पिझ्झावरच्या मोझरेलापुढे गेलेली नाही.

अडचणी अशा. पाहुण्यांत तिघं कट्टर शाकाहारी आहेत, अंडंही न खाणारे. चीजमध्ये रेनेट असतं एवढं ऐकून आहे, पण कुठल्यात कुठलं ते कसं ओळखायचं? एक मैत्रीण गरोदर आहे. शिवाय आमच्या ‘ह्यां’ना धरून दोघांना उग्र वासाचं वावडं आहे. रोकफोर्ट, गॉरगॉन्झोला ही नावं वाचून माहीत आहेत, पण सुपरमार्केटातल्या त्या लांबलचक फ्रीजसमोर उभी राहिले की काही सुचत नाही. किती घेऊ, कुठल्या क्रमाने खाऊ घालू, सोबत काय ठेवू? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

लीड्सकर_आबा

रानजाई, आधी बेताबद्दल बोलतो. मसालेभातानंतर चीजबोर्ड ठेवू नका. गोडा मसाला, दालचिनी, लवंग तोंडात घोळत असताना स्टिल्टन नुसतं खारट लागतं आणि पाहुणे म्हणतात, ह्यात एवढं काय? इंग्रजांचं जेवण बेताचं तिखटमिठाचं असतं, म्हणून त्यांना ते शेवटी चालतं. तुम्ही चारच्या सुमारास चहाच्या वेळी मांडा आणि जेवण आठला घ्या. मधे सगळे फिरून येतील.

नॉटिंगहॅमला आहात तर मध्यभागी स्टिल्टनच ठेवा. हे नाव लावायचा हक्क डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर ह्या तीनच परगण्यांतल्या चीजला आहे. गंमत म्हणजे खुद्द स्टिल्टन गाव केंब्रिजशरमध्ये येतं, त्यामुळे तिथे बनवलेल्या चीजला स्टिल्टन म्हणता येत नाही! अठराव्या शतकात लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या घोडागाड्या त्या गावातल्या बेल इनमध्ये थांबत. तिथे प्रवाशांना हे चीज विकलं जाई, म्हणून गावाचं नाव चिकटलं.

तुमच्याकडची गावं म्हणजे क्रॉपवेल बिशप आणि कोल्स्टन बॅसेट. दोन्हीकडच्या डेअऱ्या नावाजलेल्या आहेत. शक्य असेल तर दुकानात जाऊन चव घेऊन कापून आणा. प्लास्टिकमध्ये महिनाभर घुसमटलेला तुकडा आणि ताजा कापलेला तुकडा ह्यांत फार फरक पडतो.

तुळशीवृंदावन

रेनेटबद्दल मी सांगते, घरात सासूबाई असल्यामुळे ह्या विषयात पीएचडी झाली आहे 😄

पारंपरिक रेनेट म्हणजे दूधपित्या वासराच्या, कोकराच्या किंवा करडाच्या चौथ्या जठरातलं, दूध गोठवणारं द्रव्य. जनावर मारल्याशिवाय ते मिळत नाही, त्यामुळे आपल्या शाकाहारात बसत नाही. युरोपातली बरीच नामांकित चीज त्याशिवाय बनवताच येत नाहीत, कारण त्यांच्या नावाच्या कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. पार्मिजानो रेजानो, गॉरगॉन्झोला, रोकफोर्ट, कोंते ही चारही नावं शाकाहारी ताटातून सरळ काढून टाका. ‘शाकाहारी पार्मेझान’ म्हणून जे मिळतं ते दुसरंच कडक चीज असतं.

स्टिल्टनचं तसं नाही. बरीच स्टिल्टन शाकाहारी रेनेटने बनतात, पण सगळी नाहीत. एकच डेअरी दोन्ही प्रकारची बनवते असंही होतं. त्यामुळे ब्रँडच्या नावावर न जाता पाकिटावर ‘शाकाहारींसाठी योग्य’ असं लिहिलंय का ते बघा. सुटं घेत असाल तर काउंटरवर विचारा, नीट सांगतात.

आयर्लंडचं कॅशेल ब्लू जरूर घ्या. टिपररीतलं आहे, गाईच्या दुधाचं, १९८४पासून बनतंय आणि शाकाहारी आहे. स्टिल्टनपेक्षा ओलसर, लोण्याकडे झुकणारं. सासूबाईंनी ह्याची दुसरी फोड मागून घेतली होती!

आणि एक सुंदर अपवाद. पोर्तुगालचं सेरा दा एश्त्रेला हे मेंढीच्या दुधाचं चीज कार्डून नावाच्या काटेरी रोपाच्या फुलांतल्या केसरांनी विरजतात. स्पेनचं तोर्ता देल कासार तसंच. वरून टोपणासारखं कापायचं आणि आतलं मऊ चीज चमच्याने खायचं. ब्लू नाही, पण तुमच्या तिघांना अस्सल जुन्या युरोपचं काही द्यायचं असेल तर हेच. फक्त दोन्ही कच्च्या दुधाची असतात, गरोदर मैत्रिणीला देऊ नका.

खवय्या_नाना

भाकरीला बुरशी आली की फेकायची, आणि चीजला आली की पंचवीस पौंड किलो! चालू द्या.

चंद्रकोर_तुलूझ

नाना, भाकरीवरून आठवलं, रोकफोर्टची बुरशी खरंच भाकरीवरच वाढवायचे 🙂 राईच्या पिठाचे मोठे पाव भाजून गुहेत ठेवायचे, ते आतून पूर्ण बुरशीने भरले की वाळवून पूड करायची आणि ती दुधात किंवा दह्यासारख्या गोळ्यांत मिसळायची. आजही काही उत्पादक पावावर वाढवतात, बाकीचे प्रयोगशाळेत.

रोकफोर्ट-सुर-सूल्झों आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर आहे. गाव अगदी लहान, कोंबालू डोंगराच्या कुशीत. डोंगराचा एक भाग फार पूर्वी कोसळला, त्यातून गुहा आणि लांबलांब भेगा तयार झाल्या. त्या भेगांना तिथे फ्लोरीन म्हणतात. त्यांच्यातून बारा महिने थंड, दमट वारा वाहतो आणि गुहेतलं तापमान साधारण दहा अंशांच्या आसपास राहतं. आत शिरलं की गालांना तो वारा जाणवतो. लाकॉन जातीच्या मेंढ्यांचं कच्चं दूध आणि ह्याच गुहांतलं पिकवणं, दोन्ही असेल तरच रोकफोर्ट. फ्रान्सचा राजा सहावा शार्ल ह्याने १४११मध्ये गावाला पिकवण्याची मक्तेदारी दिली होती, आणि १९२५मध्ये फ्रान्समध्ये कायद्याने नाव राखून मिळालेलं हे पहिलं चीज ठरलं.

चव तिखट, खारट आणि लगेच विरघळणारी. म्हणूनच माझं मत असं की नवख्यांना रोकफोर्ट पहिल्यांदा देऊच नये. सुरुवातीला फूर्म दांबेर हे फ्रेंच ब्लू चीज द्यावं, ते फार सौम्य असतं. तेही शाकाहारी समजू नका मात्र.

प्राजक्त_सडा

गरोदर मैत्रिणीबद्दल. धोका बुरशीचा नसून लिस्टेरिया ह्या जीवाणूचा आहे. तो मऊ, ओलसर चीजमध्ये फ्रीजच्या थंडीतही वाढतो. एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) सल्ल्यानुसार ब्री, कामांबेर, गॉरगॉन्झोला, डॅनिश ब्लू, रोकफोर्ट ही गरोदरपणात कच्ची खाऊ नयेत. वाफा येईपर्यंत नीट गरम केली तर चालतात. चेडर, पार्मेझान ही कडक आणि स्टिल्टन हे अर्धकडक चीज असल्यामुळे चालतात. कॅशेल ब्लू मऊ असतं, ते तिला टाळा. सुऱ्या वेगळ्या ठेवा, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागणार नाही. तिची मिडवाइफ वेगळं काही सांगत असेल तर तिचंच ऐका.

आबा, तुमच्या भागात वेलबेक इस्टेटवर बनणारं, स्टिल्टनसारखंच स्टिचल्टन मिळतं ना? रानजाई, ते चवीला फार छान, पण कच्च्या दुधाचं आहे. स्टिल्टनच्या नियमांत दूध पाश्चराइज्डच लागतं, म्हणून त्याला स्टिल्टन म्हणता येत नाही. मैत्रिणीसाठी तेही नको.

रानजाई

केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. चारचा चहा पक्का. आबा, वासवाल्या दोघांचं काय करू? आणि ह्या निळ्या रेघा नेमक्या आतपर्यंत जातात कशा?

लीड्सकर_आबा

बुरशीचे बीजाणू दुधातच मिसळलेले असतात, पण हवा नसेल तर ते वाढत नाहीत. म्हणून स्टिल्टनचा गोळा सहाएक आठवड्यांचा झाला की त्याला चहूबाजूंनी लांब स्टीलच्या सुया भोसकतात. त्या भोकांतून हवा आत जाते आणि फटीफटींतून निळाई पसरते. तुकडा निरखून पाहिलात तर सुईची सरळ रेघ दिसेल. वासाचं कारणही हीच बुरशी. ती दुधातली चरबी फोडते आणि त्यातून कीटोन नावाची द्रव्यं तयार होतात, तो उग्र वास त्यांचा.

दोघांसाठी पायऱ्या करा. आधी पांढरं स्टिल्टन, त्यात बुरशीच नसते. जर्दाळू किंवा क्रॅनबेरी घातलेलं मिळतं, ते लहान मुलंही खातात. मग श्रॉपशर ब्लू. हे नाव फसवं आहे, श्रॉपशरशी त्याचा काही संबंध नाही. १९७०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये सुरू झालं आणि आता तुमच्याच भागात बनतं. रंग केशरी, तो शेंद्रीच्या बियांचा. ताटात फार देखणं दिसतं आणि चवीला स्टिल्टनपेक्षा थोडं मवाळ. त्यानंतर कॅशेल, शेवटी स्टिल्टन. शाकाहारी शिक्का प्रत्येकावर तपासा. सौम्याकडून उग्राकडे जायचं, उलट गेलात तर पहिल्यानंतर काहीच लागणार नाही.

आठ जणांना सगळं मिळून सहाशे ग्रॅम पुरे, पुढे मसालेभात आहे. खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, गारठलेल्या चीजला चव नसते. कापताना टोक उडवू नका. टोकाकडे निळाई जास्त असते, तेव्हा उभे लांब काप करा, म्हणजे सगळ्यांना सारखं मिळेल.

तुळशीवृंदावन

सोबत पिकलेलं पेअर, अक्रोड, मध हे तर आहेच. इंग्रज पोर्ट वाइन घेतात. पण माझं ऐक, घरात साखरआंबा असेल तर वाटीभर ठेव. स्टिल्टनचा खारटपणा आणि आंब्याचा गोडवा, अगदी जमतं. क्रॅकरऐवजी बाजरीची भाकरी पातळ थापून, तव्यावर कडक करून तुकडे कर. लोणचं मात्र लांब ठेव, कैरीचं तर अजिबात नको.

खवय्या_नाना

साखरआंबा म्हणताय तर एकदा खाऊन बघायला हरकत नाही. पुण्यात काय मिळेल?

चंद्रकोर_तुलूझ

नाना, मोठ्या सुपरमार्केटात डॅनिश ब्लू असतं, पण ते तिखट नि खारट, पहिल्याच घासाला बुरशीविषयीचं तुमचं मत पक्कं होईल 😄 ऑरोव्हिलचं ला फर्म आणि पुण्याचं एबीसी फार्म्स ही भारतातली जुनी नावं, त्यांच्याकडे चौकशी करा.

रानजाई

यादी अशी ठरवली: जर्दाळूवालं पांढरं स्टिल्टन, श्रॉपशर ब्लू, कॅशेल आणि क्रॉपवेल बिशपला जाऊन आणलेलं शाकाहारी स्टिल्टन. सेरा मिळालं तर तेही. मैत्रिणीसाठी वेगळं ताट, त्यात चेडर आणि निळं स्टिल्टन. साखरआंबा आईने पाठवलेला आहेच. शेवटचा प्रश्न, उरलं तर?

लीड्सकर_आबा

बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. झाकण घट्ट हवं, नाहीतर बुरशी शेजारच्या चेडरवर जाते. आठवडाभर तरी छान राहतं. निळं-हिरवं ठीक, पण गुलाबी किंवा चिकट थर आला, अमोनियाचा झणका आला तर टाकून द्या. जास्त उरलं तर फ्रीझरमध्ये ठेवलंत तरी चालेल. पोत भुसभुशीत होतो, पण ब्रोकोली-स्टिल्टन सूपला काही फरक पडत नाही. कांदा, ब्रोकोली, एक बटाटा शिजवून वाटायचा आणि गॅस बंद करून चीज कुस्करून घालायचं. मीठ अगदी शेवटी, चाखून बघूनच.