मेक्सिकोचा सर्वश्रेष्ठ बॉक्सर कानेलो? सांचेझला विसरलात का?

गुद्देबाज :
परवा इथे एकाने यादी लावली. मेक्सिकोचा आजवरचा सर्वश्रेष्ठ बॉक्सर कानेलो आल्वारेझ, दुसरा हुलिओ सेसार चावेझ, आणि "बाकीचे जुने लोक, त्यांचा काळ वेगळा". आधार काय, तर चार वजनगटांतले किताब आणि २०२१ मध्ये १६८ पौंडांत एकत्र केलेले चारही मोठ्या संघटनांचे बेल्ट. गप्प बसणार होतो, पण खालच्या एकाही प्रतिसादात साल्वादोर सांचेझचं नाव नाही हे बघून राहवलं नाही.

फेब्रुवारी १९८० मध्ये फिनिक्सला डॅनी लोपेझला तेराव्या राउंडमध्ये थांबवून त्याने फेदरवेटचा (१२६ पौंड) किताब घेतला, तेव्हा त्याचं वय एकवीस. पुढची जेमतेम अडीच वर्षं मिळाली त्याला. तेवढ्यात नऊ वेळा किताब राखला. विल्फ्रेदो गोमेझ आला तेव्हा त्याच्या नावावर ३२ विजय होते आणि ३२ही नॉकआऊट. सांचेझने त्याला पहिल्याच राउंडमध्ये खाली बसवला आणि आठव्यात संपवला. जुलै १९८२ मध्ये अझुमा नेल्सन ऐनवेळचा बदली म्हणून मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उभा राहिला. त्याला पंधराव्या राउंडमध्ये थांबवलं. हाच नेल्सन पुढे दशकभर मोठमोठ्यांना पुरून उरला. त्या लढतीनंतर महिन्याच्या आत सांचेझ मोटार अपघातात गेला. वय तेवीस. ४४ विजय, एक हार, एक बरोबरी. लोपेझ, गोमेझ, नेल्सन, तिघेही आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. कानेलोच्या यादीतून असे तीन काढून दाखवा, आणि तेही त्यांच्या भरात असताना हरवलेले.

अनघा_ह्यूस्टन :
सांचेझबद्दल आदर आहे, पण अडीच वर्षांवर कोणी सर्वश्रेष्ठ ठरत नाही हो. चावेझ १९८० पासून लढत होता आणि १९९४ पर्यंत त्याच्या नावावर अधिकृत हार नव्हती. १३०, १३५, १४० पौंड अशा तीन वजनगटांत किताब. १९८७ ची एडविन रोझारिओविरुद्धची लढत काढून बघा. रोझारिओसारख्या ठोसेबाजाला त्याने पायरी पायरीने सोलून काढलंय. बरगडीखाली डावा हूक, मग वर, मग परत खाली.

आमच्या शेजारी मेक्सिकोतल्या सिनालोआचे, म्हणजे चावेझच्याच राज्यातले, एक आजोबा राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये ग्वादालूपेच्या मातेची तसबीर आहे आणि तिच्या शेजारी चावेझचा फोटो. १९९३ मध्ये आस्तेका स्टेडियमवर ग्रेग हॉगनला हरवताना सव्वा लाखाच्या वर लोक होते. हॉगन आधी म्हणाला होता, चावेझने तिहुआनाचे टॅक्सीवाले हरवलेत. पाचव्या राउंडमध्ये त्याला उत्तर मिळालं. आजोबा त्या रात्रीबद्दल बोलायला लागले की अजून त्यांचा आवाज कापतो. सांचेझबद्दल बोलताना "बिचारा" म्हणतात. माझ्यासाठी एवढं पुरे आहे.

रात्रपाळी :
अनघाताई, शेजारच्या आजोबांच्या भिंतीवर इतिहास ठरत नाही. चावेझची ती न हरलेली वर्षं म्हणताय, त्यात १७ मार्च १९९० ची लढत येते. मेल्ड्रिक टेलर दोन जजांच्या गुणांच्या कार्डावर इतका पुढे होता की खाली पडल्यामुळे शेवटचा, बारावा राउंड १०-८ असा गेला असता तरी जिंकला असता. शेवटी पडला, उठला, पायावर उभा होता. आणि रेफरी रिचर्ड स्टीलने लढत थांबवली, दोन सेकंद शिल्लक असताना! शेवटचे दहा सेकंद दाखवणारा कोपऱ्यातला लाल दिवा लागलेला होता. चावेझची ती हार आहे, रेफरीने त्याला वाचवलं.

१९९३ ची पर्नेल व्हिटेकरची "बरोबरी" पण घ्या. सॅन अँटोनिओच्या त्या रात्री चावेझला विजयी ठरवणारा एक जज मिळाला नाही. दोघांनी बरोबरी दिली, तिसऱ्याने व्हिटेकर.

माणदेशी :
स्टीलने बरोबर केलं. त्याने टेलरला दोनदा विचारलं, ठीक आहेस का? टेलर आपल्या कोपऱ्याकडे बघत होता, उत्तरच नाही. रेफरीचं काम माणूस बघायचं आहे, घड्याळ नाही. टेलरचा चेहरा आतून मोडला होता, कितीतरी रक्त गिळलं होतं त्याने. नंतर त्याचं बोलणं कसं झालं ते ऐका आणि मग दोन सेकंदांचा हिशेब मांडा.

माझा चुलतभाऊ जिल्ह्याच्या स्पर्धेत खेळायचा. एकदा डोळे फिरलेले असताना रेफरीने त्याला "बॉक्स" म्हणून पुढे ढकललं. अर्धा मिनिटच राहिलंय, खेळू दे, असा त्याचा विचार. पोरगं पुढे महिनोन्महिने डोकं धरून बसायचं. आयटीआयचं वर्ष गेलं. त्या अर्ध्या मिनिटाने कोणाचं काय भलं झालं?

रात्रपाळी :
तुमच्या भावाचं वाईट झालं, पण उलटंही होतं. मी राज्य निवड चाचणीत पुढे होतो, शेवटच्या राउंडमध्ये एक ठोसा लागला, उभ्या उभ्या मोजणी झाली, मी हात वर केले, चाललो, बोललो. तरी थांबवलं. त्या निवडीवर स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी अवलंबून होती. आज मी रात्री गोदामात गाड्या मोजतो. टेलर त्या एका रात्रीनंतर पूर्वीचा राहिला नाही, तो ठोशांमुळे जितका तितकाच त्या निर्णयामुळे.

माणदेशी :
हे साफ खोटं आहे. तो ठोशांमुळे संपला, एकूण एक ठोशामुळे. तुमच्या नोकरीचा राग स्टीलवर काढू नका.

रात्रपाळी :
तुम्ही स्वतः कधी हातमोजे चढवलेत का? नसतील तर मला राग कशाचा आहे ते शिकवू नका.

अनघा_ह्यूस्टन :
दोघंही जरा थांबा. टेलरवर मी माणदेशींच्या बाजूने आहे. अकरा राउंड मागे असलेला माणूस शेवटच्या तीन मिनिटांत समोरच्याला पाडतो, ते फुकट पाडलं का? ती पडझड सातव्या-आठव्या राउंडपासून चावेझच्या ठोशांनी तयार होत होती. कार्डावर टेलर जिंकत होता आणि रिंगमध्ये झिजत होता. व्हिटेकरकडून मात्र चावेझ हरला होता, मान्य करते. आजोबांसमोर कधीच म्हणणार नाही.

छोटे_वजन :
तुम्ही सगळे टेलरच्या दोन सेकंदांवर भांडताय आणि जो माणूस एकदाही हरला नाही त्याचं नाव नाही. रिकार्दो "फिनितो" लोपेझ. ५१ विजय, शून्य हार, एक बरोबरी. १९९० मध्ये टोकियोत जाऊन ओहाशीला त्याच्या घरच्या लोकांसमोर हरवून किताब घेतला. मिनिममवेटमध्ये (१०५ पौंड) वीसहून जास्त वेळा राखला. त्याचा जॅब, मग उजवा, मग खालून येणारा अपरकट. पाय कुठे ठेवतो ते बघा. प्रशिक्षक नाचो बेरिस्ताइनच्या तालमीतला सर्वांत नेटका बॉक्सर तोच, हुआन मानुएल मार्केझ त्याच्यानंतर. पण १०५ पौंडांचा माणूस टीव्हीला नको असतो. मी पाच फूट दोन इंच आहे, आयुष्यभर हेच ऐकलंय: "बारक्यांची काय लढत!"

गुद्देबाज :
फिनितो मोठाच. पण त्याने हरवलेल्यांपैकी रोसेन्दो आल्वारेझ सोडला तर किती जणांची नावं आठवतात? आणि त्या आल्वारेझने पहिल्या लढतीत त्याला खाली पाडलं होतं.

छोटे_वजन :
पडला, उठला, पुन्हा लढून जिंकला. सांचेझला अँतोनिओ बेसेर्राने हरवलं होतं, ते तुम्ही "एक हार" दोन शब्दांत उरकलंत.

गुद्देबाज :
तेव्हा तो अठरा वर्षांचा पोरगा होता. पण बरं, फिनितोला पहिल्या तिघांत ठेवतो. सांचेझच्या वर नेऊ शकत नाही.

यादीवाला :
ती यादी माझी. माझ्या वडिलांना कानेलो माहीत आहे, सांचेझ नाही. पण लोकप्रियतेवर मी नंबर दिलेला नाही. ट्राउट, लारा, कोट्टो, गोलोव्किनशी तीनदा, कोवालेव्ह. २०१३ मध्ये तेवीस वर्षांचा असताना मेवेदरसमोर गेला. वरच्या वजनगटात जाऊन बिव्होलसमोर हरला, पण गेला. त्याच्याइतका उघड्यावर कोण लढलं?

रात्रपाळी :
२०१७ ची गोलोव्किनविरुद्धची बरोबरी बघा, एका जजने ११८-११० दिलं कानेलोला. २०१८ मध्ये चाचणीत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, सहा महिने बंदी. तो दूषित मांसाचं कारण देतो, मेक्सिकोत ती अडचण खरी आहे, हेही खरं. पण २०२५ मध्ये दोन वजनगट वर चढून आलेल्या क्रॉफर्डने त्याला सगळ्या कार्डांवर हरवलं. सर्वश्रेष्ठ माणूस आपल्या वजनात, आपले सगळे बेल्ट घेऊन असा हरत नाही.

यादीवाला :
पस्तिशीचा कानेलो. चावेझ चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर दे ला होयाकडून चार राउंडमध्ये संपला, त्याचं काय?

अनघा_ह्यूस्टन :
तोवर चावेझने सोळा वर्षांत शंभराच्या आसपास लढती दिल्या होत्या. कानेलोने क्रॉफर्डपर्यंत सत्तरही नाहीत. वय जन्मतारखेवरून मोजू नका, राउंडांवरून मोजा.

माणदेशी :
आणि रुबेन ओलिवारेस? ८९ विजयांत ७९ नॉकआऊट. १९६९ ला लायनेल रोझला पाच राउंडमध्ये झोपवलं. कोणीच नाव घेतलं नाही.

यादीवाला :
यादी बदलतो. चावेझ एक, सांचेझ दोन, कानेलो तीन. ओलिवारेस, फिनितो आणि मार्केझ त्यांच्या खाली, कोणत्याही क्रमाने लावा. कानेलोला याच्या खाली नेणार नाही.

छोटे_वजन :
फिनितो चौथा? न हरलेला माणूस क्रॉफर्डकडून हरलेल्याच्या खाली? उद्या मी वेगळा धागा काढतोय.

रात्रपाळी :
चावेझ पहिला असेल तर टेलरच्या लढतीपुढे फुली मारून लिहा. सांचेझला कोणत्याही लढतीत रेफरीची गरज पडली नाही.