शब्दचर्चा : ‘लघुकथे’तला ‘लघु’ म्हणजे किती?

प्रश्न : हिंदी वाचणाऱ्या मैत्रिणीला मी सांगितलं, ‘मराठी लघुकथा वाचतेय, वीस पानांची आहे.’ ती म्हणाली, वीस पानांची असेल तर लघुकथा कसली? मराठीत याला शब्दमर्यादा आहे का?

उत्तर : तिचंही बरोबर आहे. हिंदीत आपल्या कथेला ‘कहानी’ म्हणतात आणि ‘लघुकथा’ म्हणजे पानभराचा निराळा प्रकार. त्याला मराठीत हल्ली ‘अलक’ म्हणतात, म्हणजे ‘अति लघु कथा’. आणि आपल्याकडे ‘कहाणी’ म्हटलं की आठवते ती श्रावणातली, साठा उत्तराची, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होणारी!

मराठीत ‘लघुकथा’ हा शब्द फडके-खांडेकरांच्या काळात रुळला. त्याआधी हरिभाऊ आपटे ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. त्या गोष्टी छापणारं त्यांचं ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० साली निघालं. स्फुट म्हणजे सुटी, स्वतंत्र. मला हा शब्द फार आवडतो, कारण तो लांबी मोजतच नाही. त्या गोष्टींतल्या काही चांगल्या ऐसपैस आहेत.

म्हणून ‘लघु’चा अर्थ पानांत शोधू नये. अमेरिकन कथाकार एडगर अॅलन पो यांनी १८४२ मध्ये मांडलेली कसोटी अजून उपयोगी पडते : एका बैठकीत वाचून व्हावी आणि प्रत्येक तपशील एकाच परिणामाकडे नेणारा असावा. पात्राचा भूतकाळ कथेत येतो तो त्या परिणामाला लागेल तेवढाच. कादंबरीला आडवाटेनं फिरून यायची मुभा असते, कथेला नसते.

प्रश्न : एकच परिणाम म्हणजे शेवटची कलाटणी का?

उत्तर : नाही, ही गल्लत मात्र सोडायला हवी. सुरुवात, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू हे फडक्यांच्या तंत्राचं वळण. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेनं ती चौकट सैल केली. कुणी मनाच्या तळाशी गेलं, कुणी गावच्या मातीत. कथानक मागे सरलं तरी एकसंधपणा राहिला. पुढे ‘लघु’ही गळत गेलं आणि बोलण्यात नुसती ‘कथा’ उरली. जी. ए. कुलकर्णींच्या कितीतरी कथा लांब आहेत. त्यांना आपण दीर्घकथा म्हणतो, कादंबरी म्हणत नाही.

प्रश्न : मग माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ कथा की व्यक्तिचित्रं?

उत्तर : मी व्यक्तिचित्रं म्हणेन. तिथं माणूस उभा राहतो. कथेत त्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी हललेलं दिसायला हवं, अगदी सुईएवढं का होईना. पण यातली दोन-चार चित्रं कुणी कथा म्हणून वाचली तर मी हट्ट धरणार नाही.