‘ग्रह’ म्हणजे नक्की काय? सूर्य त्यात बसतो का?

मंगळवार पेठ
मुलगी पाचवीत आहे. पुस्तकात ग्रह आठ : बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. अंबाबाईच्या देवळात नवग्रहांना नमस्कार करताना तिने विचारले, यात सूर्य-चंद्र कसे, आणि पृथ्वी का नाही? घरातून उत्तर मिळाले, ‘ते धर्माचे, हे विज्ञानाचे.’ मला हे पटत नाही. शब्द एकच आहे, मग अर्थ कुठे बदलला? जाणकारांनी सांगावे.

संस्कृतच्या बाई
प्रश्न फार चांगला आहे, तिला शाबासकी द्या. धर्म आणि विज्ञान अशी वाटणी इथे खरोखरच चुकीची आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला, त्याच्या एका भागाचे नावच ‘ग्रहगणित’. ते निव्वळ गणित आहे, आणि त्यात सूर्य-चंद्रही ग्रहच आहेत.

मूळ धातू ‘ग्रह्’, म्हणजे धरणे, पकडणे. ग्रहण, संग्रह, आग्रह, ग्राहक, पाणिग्रहण ही सगळी त्याचीच लेकरे. गजेंद्राचा पाय धरणारी मगर म्हणजे ‘ग्राह’. आयुर्वेदात लहान मुलांना पछाडणारे ते ‘बालग्रह’. माणसाला धरतो तो ग्रह, ही जुनी समजूत शब्दातच आहे. आकाश पाहणाऱ्यांनी हा शब्द घेतला तो नक्षत्रांमधून जागा बदलत जाणाऱ्या ज्योतींसाठी. नक्षत्रांची आपसांतली जागा ढळत नाही, हे सात मात्र सरकत राहतात : सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. आपले वार याच सातांचे. ग्रीकांचा शब्द ‘भटका’ या अर्थाचा होता आणि त्यांच्या यादीतही सूर्य-चंद्र होतेच. पृथ्वी यादीत नाही, कारण आपण तिच्यावर उभे राहून बघतो.

राहू-केतू हे तर पिंडच नाहीत. चंद्राची कक्षा सूर्याच्या वार्षिक मार्गाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ते दोन मार्ग एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य या बिंदूंजवळ असेल तरच ग्रहण होते. म्हणजे ‘धरणारा’ हा अर्थ या दोघांना सगळ्यांत नेमका लागू पडतो. पंचांगात ग्रहणाच्या वेळा ‘स्पर्श, मध्य, मोक्ष’ अशा देतात त्याही याच कल्पनेतून : धरले, मग सोडले.

शिरोळकर
बाई, एकदम बरोबर. आमच्याकडची म्हातारी माणसं ग्रहण म्हणत न्हाईत, गिराण म्हणत्यात. ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाळी यायची. लागतं आणि सुटतं, असंच बोलत्यात की!

आणि सरकण्यावरनं सांगायचं तर वाडीचं कन्यागत बघा. गुरू कन्या राशीत आला की नरसोबाच्या वाडीला पर्वकाळ. मागचं कन्यागत २०१६ ला झालं. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागत्यात, म्हणून बारा वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी गुरू सिंहेत असतो, तवा नाशिकचा सिंहस्थ. बाराला कमी पडणारं ते ०.१४ वर्ष साठत गेलं की कधीतरी एक वर्ष आधीच गाठ पडते. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ ला, अकराव्या वर्षीच आला, तो ह्याच हिशोबानं.

दुर्बीणवाला
शिरोळकर, यात शनीही घ्या. त्याची फेरी साडेएकोणतीस वर्षांची. बारा राशींनी भागले की एका राशीत सुमारे अडीच वर्षे, तीन राशी मिळून साडेसात. ‘साडेसाती’ या शब्दात शनीचा वेग जसाच्या तसा उतरला आहे. ‘शनैश्चर’ म्हणजे हळूहळू चालणारा, हे नाव डोळ्यांनी बघूनच पडले असणार. साडेसातीच्या भीतीशी मला देणेघेणे नाही, पण त्यामागच्या निरीक्षणाबद्दल मनापासून आदर आहे.

आता आजचा अर्थ. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला. सूर्य मध्ये गेला, पृथ्वी ग्रह झाली आणि चंद्र तिचा उपग्रह. तरीही ‘ग्रह’ची व्याख्या कोणी लिहून ठेवली नव्हती. १८०१ मध्ये सेरेस सापडला तेव्हा त्यालाही ग्रहच म्हणत. तसे पिंड वाढत गेले तेव्हा लघुग्रह असा वेगळा वर्ग झाला. म्हणजे यादीतून बाहेर पडणारा प्लूटो पहिला नाही. तो १९३० मध्ये सापडला आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमधल्या खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सभेत वगळला गेला. तिथल्या अटी तीन : सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाने गोल झालेला असावा, आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. प्लूटो तिसऱ्या अटीत अडला. त्याच्यासाठी मराठीत ‘बटुग्रह’ रुळतो आहे. ‘खुजा ग्रह’पेक्षा मला तोच आवडतो. वामनही बटूच होता, त्यात हिणवणे नाही.

मुलीला आणखी एक फरक सांगा. आकाशात जळताना दिसते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी. लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले. वर्तमानपत्रे दोन्हीला उल्काच लिहितात, ते टाळायला हवे.

मंगळवार पेठ
सगळ्यांचे आभार. जाता जाता : ‘पूर्वग्रह’मधला ग्रह हाच का? आणि पाट्यांवर ‘ग्रहप्रवेश’ लिहितात ते?

संस्कृतच्या बाई
‘पूर्वग्रह’ त्याच धातूचा, पण त्याचा आकाशाशी संबंध नाही. आधीच मनाने धरून ठेवलेले मत. ‘माझा असा ग्रह झाला’ म्हणतो तोही हाच. ‘ग्रहप्रवेश’ मात्र चूक. घर म्हणजे गृह, म्हणून गृहप्रवेश, गृहपाठ, गृहउद्योग. ग्रहप्रवेश म्हणायचेच तर शिरोळकरांनी सांगितलेला गुरूचा कन्या राशीतला प्रवेश.

शिरोळकर
तो २०२८ ला. या वाडीला!