मदत हवी आहे : ओटीडीआर मशीनवर फायबरचा वाक दिसतो, खांबावर सापडत नाही

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका लहान केबल ऑपरेटरकडे फायबरचं काम करतो. गणेशाची चवथ पंधरा दिवसांवर आलीय, बाहेरगावची माणसं घरी येतील, आणि आमच्या एका फीडरवरच्या (मुख्य फायबर केबलवरच्या) सदतीस घरांत पाऊस लागला की ओएनयूवर, म्हणजे घरात फायबर जोडलेल्या डब्यावर, लाल दिवा पेटतो. पाऊस थांबून तासाभराने आपोआप हिरवा.

वाळपईहून निघालेला हा फीडर सहा किलोमीटरचा, सगळा विजेच्या खांबांवरून. एरवी घरात पोचणाऱ्या प्रकाशाची पॉवर −25.5 डीबीएम, पावसात −27 च्या खाली. ओएनयू बी-प्लस वर्गातली, −27 हीच तिची हद्द, त्याखाली सिग्नल वाचता येत नाही. मुळात हातात राखीव फार कमी, हे मान्य.

परवा मध्यरात्री पावसात लाइन बंद करून ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाशाची पल्स सोडून लॉस कुठे होतो ते दाखवणारं मशीन) लावला. 4.18 किमीवर 1310 नॅनोमीटरला 0.2 डीबी लॉस, 1550 ला त्याच जागी 3.1. रिफ्लेक्शन नाही. वाकलेल्या फायबरमधून 1550 चा प्रकाश जास्त गळतो, त्यामुळे हा खराब स्प्लाइस (फायबरचा जोड) नव्हे, वाकच. सकाळी ऊन पडल्यावर 1550 ला फक्त 0.4 उरला. भिजून जड झालेली फांदी केबलवर टेकत असावी असं वाटतं.

पण कुठे? त्या जागी गेलो तर केबल सरळ. मग लक्षात आलं, मशीनमध्ये फायबरचा इंडेक्स (अपवर्तनांक) 1.4500 ठेवलेला होता, केबलच्या ड्रमवर 1.4682 छापलंय. मशीन मोजतं वेळ. पल्स जाऊन परत यायला लागलेल्या वेळेचे मीटर ते इंडेक्सवरून करतं. तो दुरुस्त केल्यावर दोष 4,128 मीटरवर आला, म्हणजे 52 मीटर अलीकडे! शिवाय प्रत्येक जॉइंट बॉक्सपाशी दहा-पंधरा मीटरचा लूप गुंडाळलेला, त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही, आणि ट्यूबमधलं फायबर शीथपेक्षा (केबलच्या बाहेरच्या आवरणापेक्षा) थोडं लांबच असतं. आता संशयात पाच खांब, एक फणस, दोन काजू आणि भरपूर वेली. लाल लेझर मारून पाहिला, काळ्या शीथमधून काही दिसत नाही.

विचारायचं ते हे. दोषाअलीकडचा जॉइंट बॉक्स उघडून तिथल्या फायबरला हलका वाक दिला, तर ट्रेसवर (मशीनच्या आलेखावर) ती जागा कळेल आणि तिथून दोष किती पुढे ते नेमकं मोजता येईल, असं एका जुन्या जॉइंटरने सांगितलं. हे कुणी केलंय का? वाक किती द्यावा? फायबर मोडण्याची धास्ती वाटते. दुसरं, चालू लाइनवर मोजायला 1650 नॅनोमीटरचं फिल्टरवालं मशीन गोव्यात भाड्याने मिळतं का? मिळालं तर भर पावसात, लाइन बंद न करता, एक माणूस फांद्या हलवील आणि दुसरा ट्रेस बघेल.

केबल मला कापायची नाही. पूर्वी लॉस मोजायला फायबर कापूनच बघावं लागे. 1976 मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन यांनी परत येणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशावरून एकाच टोकाकडून मोजून दाखवलं, तेव्हा ते टळलं. त्याच पद्धतीने मोजणारा ओटीडीआर जवळ असताना अंदाजाने कापाकापी करणं मला पटत नाही.

दोन्ही ट्रेस ठेवलेत, हवे असतील तर इथे टाकतो.